अंतःक्षेपण साचेकाम, प्रकाशीय घटकांचे

वितळलेले प्लॅस्टिक दाबाखाली पोलादी साच्यात भरून भिंगे, प्रकाशीय तबकड्या, तंतु-जोडण्या इ. घटक घडविण्याची पद्धती. जॉन वेस्ली हायट व त्यांचे बंधू आयझेया यांनी अशा यंत्राचे पेटंट अमेरिकेत १८७२ मध्ये घेतले. त्यावर सेल्युलॉइडच्या वस्तू बनत.

नवी मुंबईच्या परिसरात प्लॅस्टिक उद्योग आला तो कच्च्या मालाच्या रूपाने. ठाणे–बेलापूर पट्ट्यातील ‘नोसिल’चा नॅफ्था-भंजन कारखाना १९६८ मध्ये सुरू झाला, नवे शहर वसविणारे सिडको महामंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. पॉलिएथिलिनाची बादली निवताना एखादा मिमी. आकसली, तरी तिच्यात पाणी राहतेच. प्रकाशीय घटकांना एवढी मोकळीक नसते.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या पॉलिकार्बोनेटाच्या संहत तबकडीवर (सीडीवर) लगतच्या दोन मार्गांत १·६ मायक्रोमीटर अंतर असते. मार्गाचे केंद्र मात्र ७० मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक मार्गांइतके, ढळलेले चालते. कारण वाचकयंत्रातील भिंग मार्गाचा सतत पाठलाग करते. साच्यातील चूक येथे यंत्र सावरून घेते.

तंतु-जोडणीत चूक सावरणारे कोणी नसते. जपानच्या एनटीटी या दूरध्वनी संस्थेत १९८० च्या दशकात विकसित झालेल्या बहुतंतु-जोडणीत ०·२५ मिमी. अंतराने छिद्रांची ओळ असते व ०·७ मिमी. व्यासाच्या दोन खुंट्या समोरासमोरचे भाग जुळवितात. एकरीतीय तंतूचा गाभा सु. ९ मायक्रोमीटर असतो. दोन गाभे १ मायक्रोमीटर सरकले, तर सु. ५ टक्के प्रकाश वाया जातो. २ मायक्रोमीटर सरकले, तर सु. १७ टक्के. खुंट्यांमधील ४·६ मिमी. अंतरात साधे पॉलिकार्बोनेट २५ मायक्रोमीटरांहून अधिक आकसेल. म्हणून सिलिकेची पूड मिसळलेले, कमी आकसणारे रेझीन वापरतात. छिद्रे घडविणाऱ्या केसासारख्या बारीक पोलादी सुयाही रेझिनाच्या असमान प्रवाहाने वाकू शकतात.

साच्याच्या आत काय घडते ते डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे त्याच्या भिंतीत क्वॉर्ट्‌झ स्फटिकाचे दाबविद्युत् संवेदक बसवितात. पोकळी भरताच दाब एकदम चढतो आणि त्या संकेतावर यंत्र भरणे थांबवून केवळ दाब धरून ठेवते. तापमानावरही लक्ष ठेवावे लागते : १० मिमी. पोलाद १०° से. तापले, तर १ मायक्रोमीटरहून अधिक प्रसरण पावते. साच्याचे दोन अर्धे भाग उतरत्या कडांच्या खाचांनी एकमेकांत बसवितात. नुसत्या मार्गदर्शक दांड्यांचा सैलपणा येथे परवडत नाही.

ऐरोली, रबाळे, महापे येथील, तसेच पनवेलजवळ २०२० मध्ये सुरू झालेल्या माहिती केंद्रांतील यंत्रे तंतूंनीच जोडलेली असतात. जोडणी बसविण्यापूर्वी तिचे टोक सूक्ष्मदर्शकाने तपासतात; धुळीचा एखादा कणही दोन गाभ्यांमधील प्रकाश अडवू शकतो.