लाखेनगरचे लाखे

कॅनडातला भाचा फोनवर तिकडच्या राजकारणाचं सांगत होता. पंजाबातल्या खेड्यात जन्मलेले उज्जल दोसांझ २००० साली ब्रिटिश कोलंबियाचे मुख्यमंत्री झाले. परमुलखात जाऊन तिथल्या लोकांचा पुढारी होणं सोपं नाही, असं त्याचं म्हणणं. आत्या वाटाणे सोलत ऐकत होती. म्हणाली, "त्यात काय एवढं? आपले वामनराव लाखे नव्हते का?"

आत्याचा जन्म रायपूरच्या तात्यापारा वस्तीतला. नव्या रायपुरात ती चार दिवसांवर टिकत नाही. "रस्ते हे एवढे मोठे, आणि पाऱ्याला नाव नाही, नुसता सेक्टरचा नंबर!" जुन्या रायपुरात लाखेनगर आहे, लाख्यांच्या नावाची शाळा आहे. ई-रिक्षावाले दिवसभर 'लाखेनगर, लाखेनगर' ओरडतात. पण लाखे कोण, हे सांगणारी माणसं आता आत्याच्या वयाचीच उरली. तिला हे सगळं तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी सांगितलेलं.

छत्तीसगडातली बरीच जुनी मराठी घरं नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग आली. बिंबाजी भोसले १७५८पासून रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १८५४मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. राज्य गेलं, घरं राहिली. आजोबा म्हणायचे, "राज्य गेल्यावर दोनच वाटा होत्या. जुन्या सनदा उराशी धरून बसायचं, नाहीतर इथलं होऊन राहायचं." १८७२मध्ये रायपुरात जन्मलेल्या वामन बळीराम लाखे यांनी दुसरी वाट धरली.

जानेवारी १९००मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक निघालं. प्रकाशक लाखे, संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर. तिघेही मराठी आणि मासिक हिंदी! आपल्याच चार घरांत वाचलं जाईल असं मराठी पत्र त्यांना सहज काढता आलं असतं. पण बोलायचं होतं मुलखाशी. पैशाअभावी मासिक १९०२च्या अखेरीस बंद पडलं. सप्रे पुढे हिंदीतलं मोठं नाव झाले, टिळकांचं 'गीतारहस्य' त्यांनीच हिंदीत नेलं. लाखे वकील होऊन रायपुरातच राहिले.

वकिलीत त्यांना शेतकऱ्याचं दुखणं जवळून दिसलं. धानाच्या पेरणीला सावकाराकडून उचल घ्यायची, पीक आलं की तेच त्याच्या दारात ओतायचं. १९१२च्या सहकारी संस्था कायद्याने गावोगावच्या पतसंस्थांना भांडवल पुरवणाऱ्या मध्यवर्ती बँका उभारता येऊ लागल्या. १९१३मध्ये रायपुरात अशी सहकारी बँक उभी राहिली, ती लाख्यांच्या पुढाकाराने. एकमेकांना जामीन राहून शेतकऱ्यांनी कमी व्याजात कर्ज घ्यायचं, अशी ही रीत. आजोबांच्या मते लाख्यांचं खरं काम हेच; बाकीचं हारतुऱ्यांचं.

सरकारने त्यांना 'रायसाहेब' केलं. असहकाराच्या हाकेसरशी त्यांनी पदवी परत केली, तेव्हा लोकांनी त्यांना 'लोकप्रिय' ही पदवी दिली. १९३०च्या सत्याग्रहात रायपूरचे पाच पुढारी 'पांडव' म्हणून ओळखले जात. त्यांत लाखे युधिष्ठिर. महंत लक्ष्मीनारायण दास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल आणि शिवदास डागा सहदेव. ही नावं आत्या बोटांवर मोजते आणि मौलानांपाशी हमखास थांबते. "बघ, पांडवांत मौलाना! कुणाला खटकलं नाही."

मिठाची तर गंमतच. रायपूरला समुद्र कुठला? मग आम्ल आणि सोडा एकत्र करून मीठ तयार केलं आणि कायदा मोडला. लाख्यांना शिक्षा झाली. १९४१मध्ये, सत्तरीला टेकलेले असताना, सिमगा या गावी वैयक्तिक सत्याग्रह करून ते पुन्हा तुरुंगात गेले. स्वातंत्र्य पाहिलं आणि १९४८मध्ये गेले.

त्यांना कुणी मराठी समाजाचे पुढारी म्हटल्याचं आत्याने कधी ऐकलं नाही. ते रायपूरचे पुढारी होते. आज आपली माणसं नव्या रायपुरात आहेत, टोरांटोतही आहेत. गणपती बसवतात, कोजागिरीला दूध आटवतात, ते करावंच. पण मंडळाच्या अध्यक्षपदासाठी जेवढी धावपळ करतो, त्याच्या निम्मी तरी गावच्या पाण्यासाठी, शाळेसाठी, नगरपालिकेसाठी करावी. वामनरावांची आठवण ठेवायची तर अशी ठेवा.