घरचा आहेर, आणि मत मात्र सरकारलाच

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत एक मथळा हमखास येतो: सत्ताधारी आमदाराचा सरकारला घरचा आहेर. कुणी धानाच्या बोनसवरून मंत्र्याला धारेवर धरतो, कुणी रखडलेल्या कालव्याचा हिशेब मागतो, कुणी निधीला कात्री लागल्याबद्दल विधानभवनाच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्यांपुढे बोलतो. पुढे पुरवणी मागण्या मतास टाकल्या जातात, आवाजी मतदान होतं, आणि ज्यांनी आहेर दिला त्यांचाही ‘होय’ त्या गलक्यात मिसळलेला असतो. आमदारांना कणा नाही, असा याचा सोपा अर्थ लावला जातो. नागपूरच्या सभागृहांचा शंभर वर्षांचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. सरकारच्या खर्चावर विरोधी मत देण्याची वाट जसजशी बंद होत गेली, तसतसं बंड संपलं नाही. ते अर्थसंकल्पाच्या बाहेर गेलं आणि आकाराने वाढलं.

सुरुवात १९२४ पासून करायला हवी, कारण अंदाजपत्रकावर बंड झालं ते याच शहरात. पहिल्या महायुद्धानंतर सगळीकडेच काटकसरीचे दिवस होते. केंद्रात इंचकेप समितीने खर्चकपातीची यादी काढली होती, आणि मेस्टन निवाड्यानुसार मध्यप्रांत-वऱ्हाडला दरसाल २२ लाख रुपये दिल्लीला द्यावे लागत होते. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली होती. जमीन महसूल, पोलीस, न्याय ही पैसा आणि दंडा असलेली खाती गव्हर्नरकडे ‘राखीव’, तर शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही खर्चाची आणि लोकांच्या शिव्या खायची खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे ‘सोपीव’. नोव्हेंबर १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला इथल्या कौन्सिलात निर्विवाद बहुमत मिळालं. देशातल्या दुसऱ्या कुठल्याच प्रांतात ते मिळालं नव्हतं. डॉ. मुंजे यांच्या नेतृत्वाखालच्या या गटाने मंत्रिपदं नाकारली, १९२४ च्या जानेवारीत मंत्र्यांवर अविश्वास व्यक्त केला, आणि मार्चमध्ये अंदाजपत्रकातल्या मागण्या एकामागून एक फेटाळल्या. मंत्र्यांचा पगार त्यांनी वर्षाला दोन रुपये ठरवला. मंत्री गेले आणि गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी सोपीव खाती स्वतःकडे घेतली.

हे सत्ताधाऱ्यांचं बंड नव्हतंच, असा आक्षेप इथे येईल, आणि तो रास्त आहे. स्वराज्य पक्ष बहुमतात होता, सत्तेत नव्हता. पण म्हणूनच ही घटना उपयोगाची आहे. सभागृहाने नाकारलेली राखीव खात्यांची मागणी गव्हर्नर स्वतःच्या सहीने परत आणू शकत होता. पोलिसांचा पगार थांबणार नाही, महसूल वसुली थांबणार नाही, हे ‘नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक सदस्याला ठाऊक होतं. नकार खरा होता, पण त्याची झळ बसली ती निवडून आलेल्यांच्याच वाट्याच्या, शाळा-दवाखान्यांच्या खात्यांना. दीडच वर्षात पक्षातच प्रश्न उठला: फेटाळून हाती काय आलं? ऑक्टोबर १९२५ मध्ये कौन्सिलचे स्वराज्यवादी अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली. पक्षाचे नेते मोतीलाल नेहरू संतापले, केळकर-जयकर-मुंजे-अणे एका बाजूला गेले, आणि त्यातून प्रतियोगी सहकारवाद्यांचा पक्ष उभा राहिला. (तांबे पुढे १९२९ मध्ये काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नरही झाले, ज्यांच्या पक्षाने मंत्र्यांना वर्षाला दोन रुपये देऊ केले होते, त्यांच्यासाठी ही मजल काही लहान नव्हे.) ज्या मताने काही बिघडत नाही ते मत द्यायला सोपं असतं, आणि ज्याने काही बदलत नाही ते फार काळ देववत नाही. दोन्ही गोष्टी नागपूरने अठरा महिन्यांत पाहिल्या.

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली आणि प्रश्न उलटा झाला. आता सरकार स्वतःच्या पक्षाचं होतं, तेव्हा आमदाराचं मत सरकार पाडू शकत होतं. मग त्या मताचा मालक कोण? याचं उत्तर जुलै १९३८ मध्ये मिळालं. प्रांताचे पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांचं महाकोशलच्या मंत्र्यांशी जमेना. २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला, रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता यांना गव्हर्नरने बडतर्फ केलं, आणि दुसऱ्याच दिवशी खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ बनवलं. काँग्रेस श्रेष्ठींनी त्यांना लगेच पायउतार व्हायला लावलं. शुक्ल नेते झाले. गव्हर्नरच्या मदतीने सहकाऱ्यांना काढणं हा खऱ्यांचा दोष होताच. पण सभागृह भरलं नाही, तिथे मतदान झालं नाही, आणि तरीही सरकार गेलं व आलं. नागपूरच्या मागच्या बाकांवर बसलेल्यांनी यातून काय शिकायचं ते शिकलं: सरकारचं भवितव्य सभागृहाबाहेर ठरतं, वर्ध्याला किंवा दिल्लीला. पक्षांतरबंदीचा कायदा यायला अजून सत्तेचाळीस वर्षं होती. पक्षादेशाची सवय मात्र तेव्हाच लागली.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि तिजोरीच नागपुरातून हलली. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन इथे घेण्याचं, लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचं आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवण्याचं वचन दिलं. १९६० पासून अधिवेशन होऊ लागलं, पण ते हिवाळी. अर्थसंकल्प मार्चमध्ये मुंबईत मांडला जातो. नागपूरच्या वाट्याला पुरवणी मागण्या येतात, म्हणजे आधीच मंजूर झालेल्या खर्चाची शेपटी. ती शेपटीही लहान नसते. डिसेंबर २०२४ चं अधिवेशन सहा दिवसांचं होतं आणि त्यात ३५ हजार कोटींहून अधिक रकमेच्या मागण्या मांडल्या गेल्या. या सगळ्या काळात विदर्भाचे आमदार बहुतांशी सत्ताधारी बाकांवरच होते. कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक हे मुख्यमंत्री इथले. तरीही दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष मोजला तेव्हा ३,१८६ कोटींपैकी सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा निघाला. गोसीखुर्द धरण १९८३ मध्ये ३७२ कोटींना मंजूर झालं आणि पुढे कित्येक हजार कोटींचं होऊन बसलं. ज्या अर्थसंकल्पांनी हा अनुशेष साचवला, ते मंजूर करणाऱ्यांत विदर्भाचीही मतं होती. १९६२ मध्ये नागपूरच्या मतदारांनी लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. स्वतंत्र विदर्भाचा राग त्यांनी मतपेटीत ओतला, कारण सत्ताधारी बाकांवरून तो ओतायला जागा नव्हती.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. आमदाराला मागणीवर मोकळं मत दिलं तर काय होतं, हे जुलै १९६७ मध्ये भोपाळला दिसलं. शिक्षण खात्याच्या मागणीवर मतदानाच्या वेळी गोविंद नारायण सिंह यांच्यासह छत्तीसेक काँग्रेस आमदार पलीकडे गेले आणि मुख्यमंत्री पडले. हे मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र, म्हणजे १९३८ मध्ये नागपुरात खऱ्यांच्या मंत्रिमंडळातून बडतर्फ झालेले तेच मिश्र. त्या वर्षी देशभर आमदारांची जी खरेदी-विक्री झाली, तिच्याच आठवणीतून १९८५ ची बावन्नावी घटनादुरुस्ती आली: पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर आमदारकी जाते. आक्षेप खरा आहे, पण त्यातला पुरावा नीट वाचायला हवा. भोपाळला कुणालाही शिक्षण खात्याच्या खर्चाशी देणंघेणं नव्हतं. सरकार पाडायचं होतं, मागणी हे निमित्त होतं. या दुरुस्तीने घटनेत घातलेल्या दहाव्या परिशिष्टाने निमित्त काढून घेतलं, हेतू जसाच्या तसा राहिला. १९९१ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनातच छगन भुजबळ अठरा आमदारांसह शिवसेनेतून बाहेर पडले. एक तृतीयांश फुटले तर कायद्याला चालत होतं. एकट्याने मत देणं गुन्हा आणि घाऊक फुटणं वैध, असा तो हिशेब. २००३ मध्ये ती पळवाट बुजवली गेली, पण विलीनीकरणाची उरलीच.

या हिशेबाचे परिणाम अलीकडच्या काळात विदर्भातच नीट दिसतात. भंडारा-गोंदियाचे भाजप खासदार नाना पटोले शेतकऱ्यांच्या प्रश्नावर आपल्याच सरकारवर टीका करत राहिले, आणि नागपूर अधिवेशन सुरू व्हायच्या तोंडावर, ८ डिसेंबर २०१७ रोजी, त्यांनी खासदारकी आणि पक्ष दोन्ही सोडले. काटोलचे भाजप आमदार आशीष देशमुख यांनी पुढच्या वर्षी आमदारकीचा राजीनामा दिला. दोघांनाही आपल्या सरकारच्या एखाद्या आर्थिक निर्णयावर ‘नाही’ म्हणून पक्षात राहता आलं असतं का? कायद्याने नाही. बसा किंवा जा, एवढेच दोन पर्याय. तिसरा पर्याय २०२२ मध्ये दिसला. महाविकास आघाडीचा अर्थसंकल्प अजित पवारांनी मार्चमध्ये मांडला आणि तो मंजूर झाला. जूनमध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर शिवसेनेचे बहुसंख्य आमदार बाहेर पडले तेव्हा त्यांच्या जाहीर तक्रारींत एक ठळक तक्रार होती: अर्थ खातं राष्ट्रवादीकडे असल्याने आमच्या मतदारसंघांना निधी मिळत नाही. रामटेकचे अपक्ष आशीष जयस्वाल यांच्यासारखे सरकारला पाठिंबा देणारे आमदारही त्यांच्यासोबत गेले. म्हणजे ज्या मागण्यांवर मार्चमध्ये त्यांच्यापैकी एकानेही विरोधी मत दिलं नाही, त्यांच्याचविषयीच्या रागाला जूनमध्ये अख्खं सरकार पाडण्याचं कारण म्हणून पुढे करण्यात आलं. वर्षभराने अजित पवार त्याच नव्या सरकारात आले आणि अर्थ खातं पुन्हा त्यांच्याकडे गेलं, यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

निधीची तक्रार ही बहुतेकदा ठेकेदारांची तक्रार असते, आणि अशा आमदारांना जास्त मोकळीक देऊन काय साधणार, असंही विचारलं जातं. हा संशय अगदी निराधार नाही. पण मोकळ्या मताची किंमत उघड मोजली जाते. मतविभागणी झाली की कोण कशावर ‘नाही’ म्हणाला, हे कार्यवृत्तात राहतं. हॉटेलच्या बंद खोलीतल्या वाटाघाटींचं कार्यवृत्त नसतं. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ मध्ये अपंगांच्या भत्त्यात कपात करणाऱ्या विधेयकावर मजूर पक्षाच्या ४९ खासदारांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं. त्याआधीच शंभराहून अधिक जणांच्या विरोधापुढे सरकारने महत्त्वाची कलमं मागे घेतली होती. विधेयक मंजूर झालं, सरकार टिकलं, खासदारांच्या जागा टिकल्या. तिथलेही सगळे खासदार काही साधुसंत नाहीत. फरक एवढाच, की तिथे नाराजी व्यक्त करायला सरकार पाडण्यापेक्षा लहान मार्ग उपलब्ध आहे.

आपल्याकडे सुधारणेची भाषा बोलणारेही नेमके इथेच अडतात. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये पक्षादेशाचा धाक मोजक्या मतदानांपुरताच ठेवावा असं सुचवलं, पण त्या मोजक्यांत धन विधेयक ठेवलंच. खासदार मनीष तिवारी यांच्या याच विषयावरच्या खासगी विधेयकातही मोकळ्या मतातून आर्थिक बाबी वगळलेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये किहोटो होलोहान खटल्यात पक्षादेश विश्वासमत आणि पक्षाच्या मूळ कार्यक्रमापुरता असावा असा सल्ला दिला होता. तो कुणी मनावर घेतला नाही. संपूर्ण अर्थसंकल्प हरला तर सरकारने जावं, हे मान्य. पण राज्यघटनेचं २०३ वं कलम सभागृहाला एखादी मागणी नाकारण्याचा किंवा तिची रक्कम कमी करण्याचा अधिकार देतं, आणि एका खात्याच्या पुरवणी मागणीतले काही कोटी कापले गेले म्हणून सरकार पडलंच पाहिजे असं घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. तसा संकेत पक्षांनी आपल्या सोयीसाठी पाळला आहे. तो सैल करायला घटनादुरुस्ती लागत नाही. पुरवणी मागण्यांवरच्या कपात सूचनेला पक्षादेश लागू नाही, एवढं मुख्य प्रतोदाने जाहीर केलं तरी पुरे. आणि तसा प्रयोग करायचा, तर पुरवणी मागण्या जिथे येतात ते सभागृह नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे.