नाणेघाटातला कॅशियर

जुन्नरहून नाणेघाटात गेलेली मंडळी आधी तो दगडी रांजण बघतात. त्यात म्हणे जकातीची नाणी पडत. मग ती डबे सोडतात. मी पडलो बँकेतला कारकून. माझं लक्ष लेण्याच्या भिंतीवर. राणी नागनिकेनं दोन हजार वर्षांपूर्वी यज्ञांत काय काय दिलं, ते तिथं आकड्यांत कोरलंय: २४,४०० कार्षापण, १०,००१ गायी. पुण्य राणीला, पण गायी मोजल्या कोणी? आणि वरची ती एक! आहेराच्या पाकिटाला रुपया चिकटवणारा मी त्या आकड्यापुढे हात जोडतो.

मी स्वतः इतके कष्ट घेत नाही. मी चिल्लर तोलतो. रुपया ३.७९ ग्रॅमचा, वजनाला भागलं की संख्या आली. एकदा आमच्या मंचरच्या शाखेत खत-औषधांच्या दुकानाचे काका हजाराची पिशवी घेऊन आले. भरली ३ किलो ७२० ग्रॅम.

"काका, अठरा कमी आहेत."

मागे रांग. काकांचा चेहरा उतरला. "हातानं मोजा," एवढंच म्हणाले. मोजली. पुरी हजार! त्यातली शंभर २०१९ सालच्या नव्या घडणीची, ३.०९ ग्रॅमची निघाली. एका सरळ माणसाला चारचौघांत चोर ठरवून मी घरी आलो.

मुलगी अकरावी सायन्सला. म्हणाली, "बाबा, आम्हीही तोलूनच मोजतो." इटलीतल्या आवोगाद्रोनं १८११ साली सांगितलं, की सारख्या तापमानाच्या आणि दाबाच्या सारख्या आकारमानाच्या वायूंत कण सारखेच. किती, ते तो १८५६ साली वारला तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. पहिला अंदाज लोश्मिटचा, १८६५ चा. एका मोलमध्ये कण ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, हे कायमचं ठरलं २०१९ मध्ये. म्हणजे आपला रुपया हलका झाला त्याच साली!

"मोरचूद पाव किलो घ्या," ती म्हणाली, "जवळजवळ बरोबर एक मोल. आता एका रेणूतले अणू सांगा. तांबं एक, गंधक एक, ऑक्सिजन चार, शिवाय पाण्याचे रेणू पाच."

मी कॉमर्सचा. सतरा सांगितले. पाचानं हायड्रोजनला गुणलं, पाण्यातला ऑक्सिजन तसाच ठेवला. खरे एकवीस.

"आणि तांब्याचे अणूही दोन वजनांचे असतात, ६३ आणि ६५."

"मग तुमचा हिशेब चुकत नाही?"

"त्यांचं प्रमाण बहुतेक सगळीकडे तेच. म्हणून सरासरी धरतात, ६३.५५. तुम्ही पिशवीतलं प्रमाण बघितलंत का?"

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकं असतानाच जाऊन काकांची माफी मागितली. नुसतं तोंडानं कसं मागायचं, म्हणून पाव किलो मोरचूदही घेतलं. घरी ना द्राक्षबाग, ना टोमॅटो. काकांनी पुडी तोलली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले,

"साहेब, मोजून घ्या."