सरकारी कामाचा वाद आणि तज्ज्ञ साक्षीदार: शिरूर-दौंडच्या कंत्राटदाराला काय माहीत असावे?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. चासकमानच्या कालव्याचे पाणी शिरूरला येते, खडकवासल्याचा उजवा कालवा दौंडमधून इंदापूरकडे जातो. रांजणगाव आणि कुरकुंभला एमआयडीसी आहे, दौंडला रेल्वे जंक्शन. त्यामुळे रस्ते, मोऱ्या, कालव्याचे अस्तरीकरण, नळपाणी योजना अशी सरकारी कामे इथे कायम निघतात. कामे निघतात तसे वादही निघतात.

समजा, भीमाकाठच्या काळ्या मातीतून नेलेला रस्ता दुसऱ्याच पावसाळ्यात खचला. खाते म्हणते, भरावाची दबाई नीट झाली नाही. स्वखर्चाने दुरुस्त करा, नाहीतर अनामत जप्त करू. कंत्राटदार म्हणतो, काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते हे माहीत असूनही अंदाजपत्रकात मुरुमाचा थर धरलाच नव्हता. लहान कंत्राटदाराच्या बाबतीत अनामत गेली की पुढची निविदा भरायलाही पैसा उरत नाही, आणि काळ्या यादीत नाव गेले तर धंदाच थांबतो. चूक कोणाची हे मात्र नुसत्या कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी तज्ज्ञ लागतो.

कायदा काय म्हणतो?

साधा साक्षीदार डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. तज्ज्ञाला मत देता येते, हाच दोघांतला फरक. ही तरतूद 1872च्या पुराव्याच्या कायद्यात कलम 45 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 मध्ये आहे. दिवाणी न्यायालय शास्त्रीय तपासणीसाठी स्वतः कमिशनरही नेमू शकते. प्रकरण लवादाकडे असेल तर 1996च्या लवाद कायद्याचे कलम 26 लागू होते. लवाद स्वतः तज्ज्ञ नेमतो तेव्हा पक्षकारांना सुनावणीत त्याला प्रश्न विचारता येतात आणि आपापले तज्ज्ञही उभे करता येतात.

वाद न्यायालयात जाणार की लवादाकडे, हे करारातल्या कलमावर ठरते. निविदा भरताना ते कलम फारसे कोणी वाचत नाही. ‘अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्याला लवादाचा करार म्हणता येईलच असे नाही. राज्य सरकारवर दिवाणी दावा करायचा तर सहसा आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

तज्ज्ञ नेमके काय करतो?

रस्त्याच्या वादात तो ठिकठिकाणी खड्डे घेऊन थरांची जाडी मोजतो, कोअर काढतो, मातीचा फुगवटा आणि भार पेलण्याची क्षमता प्रयोगशाळेत तपासून घेतो. मग हे आकडे निविदेतल्या तपशिलाशी आणि मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदींशी ताडून पाहतो. उशिराचा वाद असेल तर जागा कधी ताब्यात मिळाली, विजेचे खांब कधी हलले, नकाशे कधी मंजूर झाले याचा दिवसवार हिशेब मांडतो. निवृत्त अभियंते हे काम बरेचदा करतात. पण त्याच कामावर पूर्वी देखरेख केलेला माणूस तज्ज्ञ म्हणून उभा केला, तर उलटतपासणीत पहिला वार तिथेच होतो.

तज्ज्ञाचे मत न्यायालयावर बंधनकारक नसते. सर्वोच्च न्यायालयाने रमेशचंद्र अगरवाल विरुद्ध रीजन्सी हॉस्पिटल या 2009च्या निकालात हे स्पष्ट केले. तज्ज्ञाने निष्कर्ष तर द्यावाच, पण तो कशावरून काढला ती सामग्री आणि कारणेही पुढे ठेवावीत. ते प्रकरण वैद्यकीय होते, तरी तत्त्व रस्त्यालाही तेच.

नुकसानभरपाईचा आकडा

खरी अडचण इथे येते. खात्यामुळे काम लांबले तर कार्यालयीन खर्च आणि बुडालेला नफा मोजायला ‘हडसन सूत्र’ वापरतात. उदाहरणार्थ, काम 2 कोटी 40 लाखांचे, मुदत 12 महिने, खर्च व नफा मिळून 10 टक्के, उशीर 6 महिने. महिन्याला 20 लाखांचे काम, त्याचे 10 टक्के 2 लाख, सहा महिन्यांचे 12 लाख. हिशेब सोपा आहे, म्हणूनच फसवा आहे.

बाटलीबॉय एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअर्स विरुद्ध हिंदुस्तान पेट्रोलियम या प्रकरणात लवादाने कंत्राटदाराला दिलेली भरपाई मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रद्द केली आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. सूत्र गृहीत धरते की या कामात अडकला नसता तर कंत्राटदाराने तेवढाच नफा दुसरीकडे कमावला असता. ते गृहीतक पुराव्याने सिद्ध करावे लागते. दुसरे काम मिळत होते का? यंत्रे आणि माणसे खरोखर अडकून पडली होती का? नामांकित तज्ज्ञ असला तरी नसलेली कागदपत्रे तो आणू शकत नाही.

म्हणून कामाच्या दिवसांतच साइटची रोजनोंद, डिझेलची बिले, मजुरांची हजेरी, तारखेसह फोटो आणि खात्याला वेळच्या वेळी दिलेली पोच घेतलेली पत्रे जपावी लागतात. खचलेल्या रस्त्याच्या बाबतीत तर आणखी घाई हवी. लोकांच्या तक्रारी आल्या की खाते दुसऱ्या एजन्सीकडून दुरुस्ती करून घेते आणि पुरावा नव्या डांबराखाली गाडला जातो. त्याआधीच संयुक्त पाहणीची लेखी मागणी करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी नमुने सीलबंद करून घ्यावेत. खात्याचा माणूस आला नाही, तर तो आला नाही याचीही नोंद करावी.