मुंबईत मुद्रित, ४३ वर्षं अप्रकाशित

'लेड झेपेलिन' या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ साली मुंबईत स्थानिक वादकांसह 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपलीच गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. तबला आणि व्हायोलिनांच्या ताफ्यामुळे 'फ्रेंड्स'चा बाजच पालटला. 'फोर स्टिक्स' मात्र अवघड. विषम मात्रा आपल्या वादकांना नव्या नाहीत. झपतालात दोन-तीन, दोन-तीन असे खंड पडतातच. पण या गाण्यात पाच आणि सहा मात्रांची अदलाबदल होते, आवर्तन एका मापाचं राहत नाही, आणि सम धरणं कठीण होतं. त्या वेळी हे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं नाही. शौकिनांमध्ये त्याच्या चोरट्या प्रती फिरत राहिल्या. अखेर २०१५ साली 'कोडा' अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत ते अधिकृतपणे आलं. त्यातलं 'फ्रेंड्स' मूळ गाण्याइतकंच तोलामोलाचं आहे.