नाइट शिफ्ट, चुकलेला डोस आणि १९२२ ची सुई

आजची गोष्ट एका वासाची. पिकलेल्या फळासारखा येणारा श्वास.

इन्सुलिन फारच कमी पडलं की रक्तात साखर असूनही पेशी उपाशी राहतात. मग शरीर चरबी जाळतं, कीटोन साचतात, रक्तातलं आम्ल वाढतं. हाच कीटोॲसिडोसिस. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कुसमॉल यांनी अशा रुग्णांचा खोल, धापेसारखा श्वास नोंदवला. इलाज मात्र नव्हता.

टोरोंटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ११ जानेवारी १९२२ ला पहिली सुई दिली. फारसा फरक पडला नाही. २३ ला अधिक शुद्ध इन्सुलिन टोचलं, साखर ५२० वरून १२० वर आली, लघवीतले कीटोन गेले.

जंतुसंसर्गही हे संकट ओढवतो. त्यावरचं पेनिसिलिन १९५५ पासून आपल्या पिंपरीत, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये बनू लागलं.

म्हणजे दोन्ही हत्यारं हाताशी आहेत. तरी चाकणच्या नाइट शिफ्टला 'जेवलोच नाही, मग इन्सुलिन कशाला?' म्हणून डोस टाळला, तर धोका १९२२ च्या आधीचाच. आजारपणातसुद्धा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. उलट्या, पोटदुखी, धाप दिसली की सकाळची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.