चिनी चित्रफीत-संकेतस्थळे

चीनमध्ये २००५ नंतर उदयास आलेली आणि सामान्य माणसाने स्वतः तयार केलेली चित्रफीत आंतरजालावर प्रसृत करण्याची सोय पुरविणारी संकेतस्थळे व भ्रमणध्वनीवरील ॲप यांचा समावेश ह्या वर्गात होतो. टुडोउ, योउकू, बिलीबिली, क्वाइशोउ व डोउयिन ही त्यांतील प्रमुख होत. भारतात २०२० पर्यंत विलक्षण लोकप्रिय ठरलेले टिकटॉक हे डोउयिनचेच परदेशांसाठी काढलेले रूप आहे. ही माध्यमे वरवर एकसारखी दिसत असली, तरी कोणाची चित्रफीत कोणापुढे ठेवायची, ह्याविषयीचे त्यांचे धोरण भिन्न आहे. मराठवाड्यातील खेड्यांपर्यंत जे पोहोचले आणि पुढे जे नाहीसे झाले, त्याचा उलगडा ह्या भिन्नतेतूनच होतो.

शांघाय येथे गॅरी वांग ह्याने एप्रिल २००५ मध्ये टुडोउ सुरू केले. ‘टुडोउ’ म्हणजे बटाटा. दूरचित्रवाणीसमोर बैठक मारून बसणाऱ्या आळशी प्रेक्षकाला इंग्रजीत बटाट्याची उपमा देतात, तीवरून हे नाव आले. अमेरिकेतील यूट्यूबचा आरंभही त्याच वर्षीचा असल्याने टुडोउला त्याची नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. व्हिक्टर कू ह्याने २००६ साली बीजिंगमध्ये योउकू काढले. पुढील काही वर्षांत ह्या दोघांत तीव्र स्पर्धा झाली. दोहोंवरही हौशी चित्रफितींपेक्षा परवानगीवाचून चढविलेल्या दूरचित्रवाणी-मालिका व चित्रपट यांनाच प्रेक्षक अधिक होते. डिसेंबर २००७ मध्ये जाहीर होऊन जानेवारी २००८ अखेर अंमलात आलेल्या नियमांनी आंतरजालावरील दृक्‌श्राव्य प्रसारणासाठी परवाना अनिवार्य केला. मार्च २००९ पासून यूट्यूब चीनमध्ये कायमचे बंद झाले व देशी संकेतस्थळांना मैदान मोकळे मिळाले. तथापि प्रसारणाचा खर्च आणि स्वामित्वहक्काची वाढती किंमत यांमुळे दोन्ही कंपन्या तोट्यातच राहिल्या. २०१२ मध्ये त्यांचे विलीनीकरण झाले आणि २०१६ मध्ये अलीबाबा उद्योगसमूहाने ती संयुक्त कंपनी पूर्णपणे विकत घेतली. तोवर योउकू हे हक्क विकत घेऊन मालिका दाखविणारे माध्यम बनले होते. बाइडूचे आयछीयी (२०१०) व टेन्सेंटचे चित्रफीत-संकेतस्थळ (२०११) ही त्याच जातीची होत. सामान्य माणसाची चित्रफीत त्यांच्या कारभारात कडेला पडली.

बिलीबिलीची (२००९) वाट वेगळी. जपानी व्यंगचलत्‌चित्रपटांच्या तरुण चाहत्यांसाठी ते निघाले. प्रेक्षकांचे शेरे चित्रावरूनच सरकत जातात, ही त्याची ओळख. ही कल्पना मूळची जपानी निकोनिको ह्या संकेतस्थळाची. पूर्ण सदस्यत्वासाठी शंभर प्रश्नांची परीक्षा द्यावी लागे. अशा उंबरठ्यामुळे रसिकांचा जिव्हाळ्याचा मेळा जमतो, पण खेड्यातील शेतमजूर त्यात सहसा येत नाही.

खरा पालट लघुचित्रफितींनी घडविला. क्वाइशोउ २०११ साली हलती चित्रे बनविण्याचे एक साधन म्हणून निघाले आणि दोनएक वर्षांत त्याचे लघुचित्रफितींच्या माध्यमात रूपांतर झाले. त्याचे प्रवर्तक चंग यीश्याव व सू ह्वा यांनी एक तत्त्व आग्रहाने पाळले. उत्पन्नाप्रमाणे लोकांचे लक्ष हीदेखील वाटून देण्याची संपत्ती आहे, ती थोड्यांच्याच हाती साचू नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यानुसार नामवंतांना मिळणाऱ्या प्रसिद्धीला आवर घालून अनोळखी माणसाच्या चित्रफितीलाही काही प्रेक्षक मिळतील, अशी शिफारशीची संगणकीय रीत त्यांनी बसविली. पडद्यावर दोन रांगांत चित्रे मांडलेली असत व काय पाहावयाचे ते प्रेक्षक निवडी. ईशान्य चीनमधील ओस पडत चाललेली औद्योगिक नगरे, लहान तालुके व खेडी येथे क्वाइशोउ रुजले. शेतकरी, मालमोटार-चालक, इमारतींवरील मजूर हे त्यावरील कलावंत आणि तेच प्रेक्षक. शहरी सुशिक्षितांनी त्याला गावंढळ ठरविले. एप्रिल २०१८ मध्ये अल्पवयीन मातांच्या चित्रफितींवरून शासनाने त्याला समज दिली, हेही नमूद करावयास हवे. कारण सर्वांना दार उघडे ठेवण्याबरोबर ही जबाबदारीही येते.

डोउयिनचा जन्म सप्टेंबर २०१६ चा. जांग यीमिंग ह्याच्या बाइटडान्स कंपनीने (स्थापना २०१२) वृत्तसंकलनाच्या ॲपमध्ये कमावलेले शिफारशीचे कौशल्य येथे वापरले. पडदाभर एकच चित्रफीत, ती संपताच बोटाच्या हालचालीसरशी दुसरी; निवड प्रेक्षकाची नव्हे, यंत्राची. नवी चित्रफीत प्रथम मोजक्या लोकांना दाखवावयाची, ती त्यांनी शेवटपर्यंत पाहिली तर अधिकांना, असा हा क्रम असतो. त्यामुळे एखादा अज्ञात माणूस एका रात्रीत लाखोंपुढे येतो; पण लक्षाचा ओघ थोड्याच चित्रफितींकडे जातो. आरंभी महानगरांतील तरुण, संगीत व नृत्य ह्यांवर डोउयिनचा भर होता. क्वाइशोउचे उत्पन्न प्रामुख्याने थेट प्रसारणात प्रेक्षकांनी दिलेल्या भेटींतून, तर डोउयिनचे जाहिरातींतून येई. २०२० च्या प्रारंभी डोउयिनने आपले दैनंदिन वापरकर्ते ४० कोटी, तर क्वाइशोउने ३० कोटी असल्याचे जाहीर केले होते. त्याच वर्षी क्वाइशोउने पडदाभर एक चित्रफीत दाखविण्याची रीतही स्वीकारली. तेव्हापासून दोहोंतील अंतर पुसट होत गेले आहे.

भारतात मात्र चित्र उलटे झाले. २०१७ मध्ये बाइटडान्सने म्युझिकली हे शांघायचे ॲप विकत घेतले व ऑगस्ट २०१८ मध्ये ते टिकटॉकमध्ये विलीन केले. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओ सेवेमुळे आंतरजाल स्वस्त झाले होतेच; मराठीसह अनेक भारतीय भाषांत टिकटॉक उपलब्ध झाले. क्वाइशोउचे ‘क्वाय’ हे रूपही भारतात आले होते, पण त्याचा जम बसला नाही. अशा रीतीने चीनमध्ये क्वाइशोउने जे कार्य केले, ते भारतीय खेड्यांत शहरी डोउयिनच्या भावंडाने केले.

हा बदल मराठवाड्याच्या संदर्भात पाहण्याजोगा आहे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे गाव पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील एक स्थानक आहे. अशा गावांच्या परिसरात करमणूक परंपरेने बाहेरून येई. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड उतरत, जत्रांतून तंबूतले चित्रपट लागत, पुढे दूरचित्रवाणी आली. गाव नेहमी प्रेक्षक असे. भजनी मंडळ, भारूड, वासुदेव ही गावची स्वतःची कला. तिची कीर्ती पंचक्रोशीपलीकडे क्वचितच जाई. लघुचित्रफितीने हा क्रम फिरविला. ध्वनिमुद्रणगृह, छायाचित्रक, शहरातली ओळख यांपैकी कशाचीच आवश्यकता उरली नाही. तयार ध्वनिमुद्रणावर ओठ हलविले की पुरे, त्यामुळे अक्षरओळख बेताची असणाऱ्यालाही अडचण नव्हती. नांगरट, कापूस-वेचणी, लग्नाची वरात, चित्रपटातील संवाद असा मजकूर त्यात असे. त्यातील बराचसा सामान्य दर्जाचा होता, हे खरे. पण मराठी बोलींचे सामान्य जनांनी स्वतःहून केलेले इतके विपुल दृक्‌श्राव्य मुद्रण त्यापूर्वी झाले नव्हते.

आक्षेपही लवकरच आले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ३ एप्रिल २०१९ रोजी बंदीचा आदेश दिला. तो २४ एप्रिलला मागे घेण्यात आला. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यातील चकमकीनंतर २९ जून रोजी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ अ अन्वये ५९ ॲपवर बंदी घातली. टिकटॉक, क्वाय, लाइकी, हेलो, व्हिगो ही सर्व तीत होती. भारतातील टिकटॉकचे वापरकर्ते त्या वेळी सु. २० कोटी होते. जानेवारी २०२१ मध्ये ही बंदी कायम करण्यात आली.

रिकामी जागा भरण्यास मोज, जोश, चिंगारी इ. भारतीय ॲप पुढे आली. परंतु मोठा वाटा इन्स्टाग्रामचे रील्स (भारतात जुलै २०२०) व यूट्यूबचे शॉर्ट्स (सप्टेंबर २०२०) यांच्याकडे गेला. यूट्यूब बंद केल्यावर चीनमध्ये देशी कंपन्या वाढल्या, टिकटॉक बंद केल्यावर भारतात मुख्यतः अमेरिकी कंपन्या वाढल्या, हा विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. कारण कदाचित हे असावे, की चीनने दार लावले तेव्हा टुडोउ व योउकू आधीच उभी होती. ग्रामीण कलावंताला नव्या ठिकाणी पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागला. जमविलेला प्रेक्षकवर्ग एका माध्यमातून दुसऱ्यात नेता येत नाही. शिवाय आधीच ओळखीपाळखीच्या वर्तुळांवर उभ्या असलेल्या इन्स्टाग्राममध्ये शहरी, इंग्रजी जाणणाऱ्या वापरकर्त्याचे पारडे प्रारंभी जड होते.

त्या दोन वर्षांतील चित्रफितींचे जतन हा वेगळाच प्रश्न आहे. १९५४ च्या कायद्यानुसार ग्रंथांच्या व पुढे वृत्तपत्रांच्या प्रती ठराविक ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. लघुचित्रफितींसाठी तशी तरतूद नाही. मूळ संच कंपनीच्या संगणकांवर होता व भारतातून तो उघडता येत नाही. ज्या चित्रफिती लोकांनी उतरवून घेऊन व्हॉट्सॲपवरून एकमेकांस पाठविल्या, त्या तेवढ्या हाती राहिल्या आहेत. त्यांवर टिकटॉकचे चिन्ह व खातेदाराचे नाव उमटलेले असते. गाव आणि तारीख नसते.